बारावीनंतर स्पॅनिशमध्ये बी. ए. करावं का? (नागपूर, मराठी माध्यम)

मृग_बहार

नमस्कार. मी मानेवाड्याला राहते, यंदा बारावी कला. शाळा पहिलीपासून मराठी माध्यमाची. मागच्या दिवाळीपासून शनिवार-रविवार स्पॅनिशच्या शिकवणीला जाते. मैत्रिणीच्या सोबतीने नाव घातलं होतं. तिने दोन महिन्यांत सोडलं, माझं सुटलं नाही. रात्री भांडी आवरली की कानाला फोन लावून मेक्सिकोचा रेडिओ ऐकते. बातम्या अजून कळत नाहीत, पण हवामानाचा अंदाज कळतो, आणि कुणी कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तर त्याही कळतात. तेवढं कळलं तरी मग झोप येत नाही.

मला यातच बी. ए. करायचं आहे. घरी विषय काढला. बाबा कळमन्याला अडत्याकडे हिशेबाचं काम करतात. ते म्हणाले, "भाषा तर क्लासमध्ये येऊन राहिली ना तुले, मग तीन वर्षं त्याच्यासाठी बाहेरगावी काहून जायचं?" रागाने नाही, खरंच विचारत होते. मला उत्तर देता आलं नाही.

दुसरं म्हणजे शिकवणीतले एक जण म्हणाले की विद्यापीठात सगळं इंग्रजीतून समजावतात, मराठी माध्यमाच्या मुलांचा तिथे निभाव लागत नाही. तेव्हापासून धास्ती बसली आहे. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं ठीक आहे, बोलताना अडखळते.

कुणी हे शिकलं असेल तर सांगाल का? तीन वर्षं नेमकं काय शिकवतात, कुठे शिकवतात आणि बाबांना काय सांगू?


एन्ये

बाबांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणून आधी तोच घेते.

मी २०११ मध्ये नागपूर स्टेशनवरून दिल्लीला गेले, जेएनयूत स्पॅनिश शिकायला. ज्या गाडीला आज तेलंगणा एक्स्प्रेस म्हणतात ती तेव्हा ए. पी. एक्स्प्रेस होती. माझेही वडील फलाटावर हेच म्हणत होते. आता मी धरमपेठेत घरून भाषांतराचं काम करते आणि संध्याकाळी काही मुलांना शिकवते.

नुसती भाषा हवी असेल तर ती शिकवणीत येते. नेटाने केलं तर दोन-अडीच वर्षांत चांगलं बोलता-लिहिता येतं. विद्यापीठात जे मिळतं ते वेगळं, आणि ते सांगायला मला एका दिवसाची गोष्ट सांगावी लागेल.

पहिल्या वर्षी हिवाळ्यात आम्हाला आपल्या गावाबद्दल पाच मिनिटं बोलायचं होतं. मी पाठ करून गेले होते: नागपूर म्हणजे नारांहांचं शहर. नारांहा म्हणजे संत्रं, पुस्तकात तसंच दिलं होतं. बाईंनी मला मध्येच थांबवलं आणि विचारलं, तुमचं हे फळ सोलायला सुरी लागते की साल हाताने सुटते? म्हटलं, हाताने सुटते, फोडीही आपोआप वेगळ्या होतात. मग त्या म्हणाल्या, ही नारांहा नाही, ही मांदारीना. नारांहाची साल घट्ट असते, आपल्या मोसंबीसारखी. मी घरी फोन करून सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात नागपूरहून येणाऱ्या एका ओळखीच्यांनी पिशवीभर संत्री आणून दिली. वर्गात वाटली. बाईंनी एक सोलून हुंगलं आणि फळ्यावर एकाखाली एक शब्द लिहायला सुरुवात केली: संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांहा. मग त्याच्या बाजूला शर्करा, सुक्कर, आसूकार. आणि खाली आल्गोदोन, म्हणजे कापूस, अरबीतल्या अल्-कुत्नवरून. विदर्भातली पोरगी मी, संत्रं, साखर आणि कापूस एकाच फळ्यावर. त्या तासाला मला पहिल्यांदा कळलं की ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम सैन्य स्पेनमध्ये उतरलं आणि १४९२ मध्ये ग्रानादा हे तिथलं शेवटचं मुस्लिम राज्य पडलं, ही परीक्षेपुरती पाठ करायची सनावळी नाही. मधल्या जवळजवळ आठशे वर्षांत ही फळं, ही पिकं आणि त्यांची नावं त्या भाषेत राहायला आली. त्याच १४९२ मध्ये कोलंबस निघाला, आणि त्याच वर्षी नेब्रिहा या स्पॅनिश पंडिताचं स्पॅनिश व्याकरण प्रसिद्ध झालं.

शिकवणीत "नारांहा म्हणजे संत्रं" एवढं मिळतं. विद्यापीठात हा फळा मिळतो. बाबांना एवढं सांगून बघ. ते कळमन्यात आहेत, साल सैल की घट्ट यावरून फळ वेगळं ठरतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तीन वर्षांत काय असतं म्हणशील तर, पहिलं वर्ष जवळपास सगळं भाषेचं. अगदी नमस्कारापासून सुरुवात, त्यामुळे आधी काही येत नसलं तरी चालतं आणि तुझ्यासारखं थोडं येत असेल तर पहिले काही महिने सोपे जातात. नंतर हळूहळू स्पेनचा आणि लॅटिन अमेरिकेचा इतिहास, समाज, साहित्य, भाषांतर. दुसऱ्या वर्षापासून बाई स्पॅनिशमधूनच बोलायच्या. वीस देशांची ही राजभाषा आहे आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. मिरचीला मेक्सिकोत चिले म्हणतात, पेरूत आही. अर्जेंटिनात "तू"साठी तू नाही, बोस म्हणतात. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला बोसोत्रोस म्हणतील, अमेरिका खंडात त्याच घोळक्याला उस्तेदेस.

आता तुझ्या धास्तीबद्दल. इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यात माझं अर्धं वर्ष गेलं.

मीही मराठी माध्यमाची. दिल्लीला जाण्याआधी इथे एका शिकवणीला जात होते, तिथेही आम्हाला हेच ऐकवायचे की आधी इंग्रजी पक्कं करा, मग स्पॅनिशला हात लावा. मी ते मनावर घेतलं. प्रत्येक स्पॅनिश वाक्य आधी इंग्रजीत करायचे, मग त्याचा अर्थ लावायचे. "मला आंबा आवडतो" हे स्पॅनिशमध्ये "मे गुस्ता एल मांगो". इंग्रजी पुस्तकात यावर दोन पानं इशारे होते: बघा, इथे कर्ता उलटा आहे, इथे चुकू नका, आवडणारी वस्तू हाच कर्ता. मी ते नियम पाठ करत होते. एक दिवस मेसमध्ये ताट घेऊन बसले होते आणि लक्षात आलं की हे तर मी जन्मापासून बोलते. मला आंबा आवडतो. मला आंबे आवडतात. मे गुस्ता एल मांगो. मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद आंब्याच्या मागे जातं, माझ्या नाही. "मे" म्हणजे "मला". इंग्रजीची अडचण मी उगीच स्वतःची करून घेतली होती.

त्यानंतर मी वहीत डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर स्पॅनिश लिहायला लागले. "मी घर बघते", पण "मी आईला बघते". माणूस आला की आपण "ला" लावतो. स्पॅनिशमध्येही घर नुसतं बघायचं, बेओ ला कासा, पण आईच्या आधी "आ" लागतो, बेओ आ मि मामा. वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुली हा "आ" वर्षभर विसरत होत्या. तू आणि तुम्ही यांतला फरक त्यांना समजावून घ्यावा लागला, आपल्याला तो वरणभातासोबत मिळतो. त आणि द आपले जसेच्या तसे चालतात.

मराठी सगळीकडे साथ देत नाही, हेही सांगते. आपलं "आहे" एक, त्यांची दोन, सेर आणि एस्तार. "एस्ता आबुर्रीदा" म्हणजे ती कंटाळली आहे, "एस आबुर्रीदा" म्हणजे ती कंटाळवाणी आहे. इथे घोकण्यावाचून इलाज नाही. लिंगंही नव्याने शिकावी लागतात. आणि व लिहिलेला असला तरी उच्चार बच्या जवळ जातो, त्याला कानाची सवय लागते, ती तुला रेडिओने लागतेच आहे.

इंग्रजी लागणारच नाही असं म्हणणार नाही. संदर्भाची पुस्तकं इंग्रजीत असतात आणि प्रवेश परीक्षेलाही ते लागतं. वाचण्यापुरतं येतं म्हणतेस ना, मग सुरुवातीला तेवढं पुरतं.

कुठे, याचं थोडक्यात: दिल्लीला जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ, हैदराबादला इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ. जेएनयूचा आणि दिल्ली विद्यापीठाचा प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो, तिचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आसपासच भरायचे असतात, तारीख चुकवू नकोस. तेलंगणा एक्स्प्रेस नागपूरहून एकीकडे दिल्लीला जाते, दुसरीकडे हैदराबादला. दोन्हीकडे मिळालं तर आईला विचार कोणत्या बाजूला पाठवायचं. नोकरी किंवा दुसरं कॉलेज सांभाळून शिकायचं असेल तर पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सर्टिफिकेटचे कोर्स आहेत.


मिहान_शिफ्ट

ताईंचं सगळं पटलं, पण दुसरी वाटही सांगतो, कारण मी त्या वाटेने आलो.

मी बी. कॉम. केलं आणि सोबत शिकवणी. नंतर दिल्लीच्या इन्स्तितूतो सेर्बांतेसमध्ये, म्हणजे स्पेन सरकारच्या भाषासंस्थेत, डेले ही स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची परीक्षा दिली, बी-टू म्हणजे मध्यमाच्या वरच्या पातळीची. १०० पैकी ६० लागतात, पण दोन गटांत विभागून: वाचन-लेखन मिळून ५० पैकी ३० आणि ऐकणं-बोलणं मिळून ५० पैकी ३०. एका गटात ४५ आणि दुसऱ्यात २८ आले तरी नापासच. प्रमाणपत्राची मुदत संपत नाही, जन्मभर चालतं. त्या कागदावर मला हिशेबाच्या कामाची नोकरी लागली, मेक्सिको आणि कोलंबियाची बिलं बघतो. घरी हप्ता होता, मला लवकर कमवायचं होतं. ज्याची तशी गरज आहे त्याने ही वाट धरावी, त्यात काही कमीपणा नाही.

पण कमी काय पडलं तेही सांगतो. पहिल्याच महिन्यात मेक्सिकोच्या एका बाईंना बिल मागितलं. त्या फोनवर म्हणाल्या, आओरीता पाठवते. आओरा म्हणजे आत्ता, आओरीता म्हणजे पुस्तकाप्रमाणे अगदी आत्ता. मी वरिष्ठांना लिहून मोकळा झालो की पाच मिनिटांत येतंय. बिल दुसऱ्या दिवशी आलं आणि महिन्याचा हिशेब बंद व्हायला उशीर झाला, बोलणी मी खाल्ली. त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. मेक्सिकोत आओरीता म्हणजे आत्ता, थोड्या वेळाने, किंवा जमेल तेव्हा, हे आवाजावरून ओळखायचं असतं. आपण दारातून "आलोच हं" म्हणतो तेव्हा किती वेळ लागेल हे घरच्यांना बरोबर कळतं, तसंच. माझ्या पुस्तकात ते नव्हतं. माझ्या बाजूला बसणारी मुलगी स्पॅनिशमध्ये एम. ए. आहे, तिला ते ऐकूनच कळलं असतं. आणि क्लायंटशी बोलणी करायची वेळ आली की बोलावणं तिलाच येतं.

अजून एक. नुसत्या बिलांचं भाषांतर करण्याचं काम आता मशीन पटापट करायला लागलं आहे. माझ्याकडे येतं ते मशीनने अडवलेलं. म्हणजे वरवरच्या भाषेवर पुढे किती दिवस निघतील याची मला स्वतःला काळजी वाटते, म्हणून मी आता रात्री इतिहासाची पुस्तकं वाचायला घेतली आहेत.


काटोल_रोड

बेटा, मी कृषी क्षेत्रातून निवृत्त झालो, स्पॅनिश येत नाही. तरी लिहितो, कारण तू नागपूरची आहेस आणि तुला एक नाव ठाऊक असावं.

डॉ. पांडुरंग खानखोजे. जन्म वर्ध्याचा. तरुणपणी इंग्रजांविरुद्ध लढायला घराबाहेर पडले, अमेरिकेत गदर चळवळीत होते, तिथेच शेतीशास्त्र शिकले आणि १९२०च्या दशकात मेक्सिकोला पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केलं, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. आपल्या विदर्भातला माणूस मेक्सिकोच्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत मका शिकवत होता. दिएगो रिबेरा या मोठ्या चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जे चित्र काढलं, त्यात मेजावर भाकरी वाटणारा माणूस खानखोजे आहेत असं सांगतात. स्वातंत्र्यानंतर ते परत आले, नागपुरात राहिले आणि १९६७ साली इथेच गेले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला, त्याचं अनावरण आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांनी केलं.

त्यांनी मेक्सिकोत जे लिहिलं ते स्पॅनिशमध्ये आहे. मी नोकरीत असताना मक्याच्या कामासाठी ते वाचावंसं फार वाटायचं. मला वाचता आलं नाही आणि वाचून दाखवेल असं कुणी माझ्या ओळखीत नव्हतं. तू शिकलीस तर मराठीत आण. बाबांना माझं नाव सांग हवं तर, सांग की एक म्हातारा वाट बघून राहिला आहे.


मृग_बहार

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं, तिने ते दोनदा वाचायला लावलं.

काल रात्री बाबांना फळ्याची गोष्ट सांगितली. साल हाताने सुटते का, असं त्या बाईंनी विचारलं म्हटल्यावर ते हसले आणि म्हणाले, "बाई हुशार आहे." मग नारंगापासून नारांहापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी हो किंवा नाही असं काही म्हटलं नाही. पण आज सकाळी कामावर जाताना विचारलं, "त्या परीक्षेचा फॉर्म कधी निघते?"

एन्ये ताई, मी कालच तुमच्यासारखी वही केली. डावीकडे मराठी, उजवीकडे स्पॅनिश. पहिलं वाक्य असं जमलं: "बाबांना संत्री आवडतात." आ मि पापा ले गुस्ता लास मांदारीनास. बरोबर आहे का?

आणि एक अडलं आहे. "तू यावंस असं मला वाटतं" यासारखी वाक्यं रेडिओवर सारखी येतात. क्रियापदाचं शेपूट बदलतं एवढं कळतं, पण का बदलतं ते कळत नाही. शिकवणीत सांगितलं की हे पुढच्या पातळीचं आहे, आत्ता विचारू नका.


एन्ये

काका, खानखोज्यांच्या स्पॅनिश लिखाणातलं तुमच्याकडे काही असेल, एखादं पान जरी असेल, तर मला कळवा. धरमपेठेतून काटोल रोडला यायला मला वेळ लागत नाही. मी बसून वाचून दाखवीन.

बाळा, तू ज्याबद्दल विचारलंस त्याला व्याकरणात सुबखुंतीबो म्हणतात आणि इंग्रजीतून शिकणारी मुलं त्याला सर्वांत जास्त घाबरतात. तू मात्र घाबरू नकोस, कारण तू प्रश्नातच त्याचं उत्तर लिहिलं आहेस. "तू येतेस" आणि "तू यावंस" यांत काय फरक आहे? येतेस ही घडणारी गोष्ट आहे. यावंस ही अजून घडलेली नाही, ती कुणाच्या तरी मनात आहे. म्हणून आपण क्रियापद बदलतो. स्पॅनिश नेमकं हेच करतं. बिएनेस, येतेस. किएरो के बेंगास, तू यावंस अशी माझी इच्छा आहे. "पाऊस पडतो" म्हणजे युएबे. आणि जून संपत आला, पेरणी खोळंबली, की आपल्याकडे प्रत्येक घरात म्हणतात ना, पाऊस पडावा बाई आता? ते त्यांच्याकडे ओहाला युएबा. हा ओहाला अरबीतून आलेला आहे, देवाने मनावर घेतलं तर अशा अर्थाचा, आणि त्याच्यामागे हे "यावं, पडावं, व्हावं"चं रूप येतंच. वहीत एक आख्खं पान "वं"चं कर. जावं, खावं, बोलावं, बसावं. समोर त्यांची रूपं शोधून लिही. प्रत्येक ठिकाणी जोडी जुळणार नाही, जिथे जुळली नाही तिथे लाल पेनाने खूण कर आणि त्या खुणा घेऊन माझ्याकडे ये. त्याचे पैसे घेणार नाही.

आणि तुझ्या वाक्यात एक चूक आहे. तूच मराठीत बरोबर लिहिलं आहेस, परत वाच. बाबा एक आहेत, पण संत्री अनेक. आवडतो नाही, आवडतात. गुस्ता नाही, गुस्तान. आ मि पापा ले गुस्तान लास मांदारीनास.